नऊ नंबरची हजेरी

९ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

फॉर्मच्या शेवटच्या पानावर ती ओळ आहे. ‘वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.’ खाली सचिवाची सही. सचिव म्हणजे मी!

दोन महिन्यांपूर्वी आधीच्या सचिव ऋतुजाचं लग्न झालं, ती भोकरला गेली आणि मंडळ चालवणाऱ्या शिवगंगाताईंनी तिची हजेरीवही माझ्या मांडीवर ठेवली. ‘तुझं अक्षर बरं आहे बुशरा. आणि तू खोटं बोलत नाहीस.’ दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

फॉर्म नांदेडच्या लोककला साहाय्य न्यासाचा. लहान मंडळांना तीन वर्षं मदत देतात. मिळाली तर आमची पत्र्याची खोली राहील. नाही तर जूनपासून गेली. मालक चन्नबसप्पांना तिथे कोचिंगच्या मुलांसाठी खाटा टाकायच्या आहेत. परवाच्या रविवारी टेप घेऊन आले. बायका दळत होत्या, ओव्या चालू होत्या, आणि हे जात्यांवरून ढांगा टाकत मोजत होते. ‘बारा बसत्यात,’ म्हणाले. बायकांना नाही, खाटांना.

सात जाती आहेत. सातही ढिगाऱ्यातून काढलेली. ९३ च्या भूकंपात औशाकडच्या गावांत घरं बसली, माणसं गेली, जाती तेवढी शाबूत निघाली. या बायका पुढे लातूरला आल्या. आता कोचिंगच्या पोरांच्या खानावळींत पोळ्या लाटतात. शिवगंगाताई तेव्हा तंबूंमधल्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनीच या बायकांना आणि त्यांच्या जात्यांना एका छपराखाली आणलं. दर रविवारी सकाळी बायका येतात, शेर-दोन शेर जोंधळा दळतात आणि गातात. बस. एवढंच आमचं मंडळ.

खोली गेली तर जाती कुठे ठेवायची? कोणाच्याच घरात तेवढी जागा नाही. आणि एकदा एकेक करून उचलली की पुन्हा एकत्र येणार नाहीत. हे मला आत्ताच दिसतंय.

११ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर फॉर्म उतरवला. चार पानं, निळी शाई, एकही खाडाखोड नाही.

दादाजान कातिब होते. निजामाच्या काळात कचेरीत नकला करायचे. मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलेच नाही, त्यांच्याच चटईवर शिकले. आधी अलिफ-बे, मग बालबोध. ते म्हणायचे, ‘नकल उतारते वक्त अपनी अकल नको लगाव.’ समोर जे आहे ते तसंच उतरवायचं. चूक असली तर चुकीसकट. एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की पाटीवर छडी वाजायची. माझ्यावर कधीच नाही, पाटीवरच.

कलाकार किमान पंधरा पाहिजेत अशी अट आहे. ऋतुजाच्या वहीत तीन वर्षांची हजेरी आहे. नावं मोजली. बरोबर पंधरा! पुन्हा मोजली. पंधरा. वहीत ज्या क्रमाने होती तशीच उतरवली. अंगठ्यांसाठीचा कागद ताई वस्तीवर घेऊन गेल्या होत्या, संध्याकाळी परत आणून दिला. पंधरा नावं, पंधरा अंगठे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

रजिस्टर पोस्टाने पाठवला. पावती सनदा-प्रमाणपत्रांच्या पिशवीत ठेवली. ही पिशवी ९३ पासून माझ्या उशाशी असते. झोपण्यापूर्वी कडी तीनदा पाहिली, पावती दोनदा.

१३ फेब्रुवारी, शनिवार

झेरॉक्स काढून ठेवली होती. आज सहज पाहत बसले. सहज कसलं, चूक शोधत होते.

नऊ नंबर आणि दहा नंबर. सिंधु आणि उमाबाई. दोन्ही अंगठ्यांवर तिरकी पांढरी रेघ आहे. विळा लागून गेल्यावर राहते तशी. एकाच जागी, एकाच तिरपेपणाने.

भिंग आणलं, अब्बांचं. तेच.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज हजेरी घेताना पहिल्यांदा मान वर केली.

दोन महिने मी खाली बघून नावं वाचते, ‘हाय’ आलं की टिंब करते. वाटायचं कुणाच्या तोंडाकडे बघितलं तर ओळ चुकेल. आज आठ नंबर झाला. ‘नऊ. सिंधु.’ आणि समोर पाहिलं. उमामावशींनी ओठ हलवले. ‘हाय.’ बारीक आवाज, कोवळ्या बाईचा. मग दहा. ‘उमाबाई.’ पुन्हा त्याच. ‘हाय.’ आपल्या नेहमीच्या जाड आवाजात.

एकीलाही हसू आलं नाही. एकीनेही वर पाहिलं नाही. जात्याला दोघी लागतात, समोरासमोर, एका खुंट्यावर दोन हात. मावशी एकट्याच ओढतात. समोरची बाजू रिकामी असते. मी समजत होते, त्यांची जोडीण कामामुळे उशिरा येत असेल!

बायका गेल्यावर ताईंना विचारलं. त्या जोंधळ्याचं पीठ झाडत होत्या. ‘सिंधु? अगं, ती उमाबाईची धाकटी जाऊ. किल्लारीच्या वेळी गेली.’

‘ऋतुजा बोलली नाही तुला?’ ताई म्हणाल्या.

मेलेल्या बाईला मी कलाकार म्हणून लिहिलं. खाली सही केली. सचिव बुशरा नासिर.

१५ फेब्रुवारी, सोमवार

चारशेवीस म्हणतात ते हेच का?

२० फेब्रुवारी, शनिवार

ताईंच्या घरी गेले. वाटेत तीन शब्द पाठ केले होते, ‘आपण कळवू या’. आत गेल्यावर तेही विसरले.

ताई म्हणाल्या, ‘हे बघ. मी चाळीस वर्षं नोकरी केली. सरकारी कागदावर जिवंत माणसं मेलेली पाहिली, मेलेली जिवंत पाहिली. एक सिंधु आणखी काय करणार?’

‘पण ताई, खोटं आहे ते.’

‘खोटं आहे. पण फायद्यासाठी केलंय का कुणी? उमाबाईचा एक नियम आहे. सिंधुची हाक पडली पाहिजे. ती पडली नाही तर उमाबाई गात नाही. पहिल्या वर्षी एका बाईने मुद्दाम नाव गाळून पाहिलं, उमाबाई उठून गेली. महिनाभर आली नाही. आणि ती नसली की मंडळात उरतं काय, सांग? बाकीच्या मागे ओढतात, पुढची ओवी तिची असते.’

‘पाहणीला आले तर?’

‘आले तर नऊ नंबरला ती हाय म्हणेल, दहा नंबरलाही म्हणेल. पंधरा बायकांत कोण बघतंय?’

मी बघितलं की!

सांगितलं नाही त्यांना तसं. चहा प्यायले.

२१ फेब्रुवारी, रविवार

हजेरी घेतली. नऊ नंबरला टिंब केलं. कागदाला भोक पडलं.

३ मार्च, बुधवार

चन्नबसप्पा दुकानात आले. अब्बा कोचिंगच्या नोट्सची बांधणी करत होते. हल्ली दुसरं कामच नाही, रसायनशास्त्राचे गठ्ठे छताला लागलेत. मी आतल्या बाजूला पानं जुळवत होते.

‘नासिरभाई, तुमच्या लेकीचं मंडळ मे अखेर काय ते सांगतंय का? मला मुलांच्या बापांना शब्द द्यायचाय. परभणीहून, बीडहून लोक येऊन राहिले. एकेक जण गादी डोक्यावर घेऊन दारात उभा.’

‘अर्ज दिलाय सेठ,’ अब्बा म्हणाले.

‘अर्ज!’ चन्नबसप्पा हसले. वाईट नाहीत ते. ‘मला बी आवडतंय हो ते गाणं. माझी माय म्हणायची. पण माय मेली, जातं गेलं, आता गिरणी हाय ना कोपऱ्यावर.’

जाताना मला म्हणाले, ‘पास झालीस तर पेढे आण गं.’

पास! मला बेडी दिसत होती.

२३ मार्च, मंगळवार

पत्र आलं. नांदेडहून. उघडायच्या आधी वजू केली, म्हणजे हात धुतले तेवढेच मनात वजू म्हणून.

‘आपला अर्ज पहिल्या छाननीत पात्र ठरला आहे. दि. १८ एप्रिल रोजी सकाळी पाहणी अधिकारी श्री. विरूपाक्ष आपल्या मंडळास भेट देतील. यादीतील सर्व कलाकारांनी उपस्थित राहावे. प्रत्येकाची नावानिशी ओळख घेण्यात येईल.’

नावानिशी.

अम्मी म्हणाली, जेवत का नाहीस. मी म्हटलं, पोट दुखतंय. खोटं नव्हतं.

३० मार्च, मंगळवार

पेपरात बातमी आहे, उत्तरेकडे डोंगरात भूकंप झाला. फोटो छापलाय, दगड आणि दगडांवर बसलेला माणूस. दुपारी वाटलं, मावशींना कोणी पेपर दाखवायला नको. पळतच खानावळीत गेले.

त्यांना आधीच कळलं होतं. पोळ्या लाटत होत्या. शंभर पोरांचं जेवण, पिठाचा डोंगर. मला पाटावर बसवलं. बाहेर एक पोरगा ओरडला, ‘मावशी, पोळी कच्ची आहे!’ त्या तिथूनच म्हणाल्या, ‘गणित पक्कं कर तू, पोळी म्या बगते.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘तुझं तोंड काहून असं उतरलं? तुला कळलंय न्हवं, सिंधुचं?’

मी मान हलवली.

त्या आपणहून बोलल्या. उतरवते. अक्कल न लावता, जसं बोलल्या तसं.

‘मी परसात गेले व्हते. खालून घरघर आली. मला वाटलं, सिंधु आज लवकर बसली जात्याला. येवढ्यात हाललं समदं. घर खाली बसलं, वरचं धाबं समदं तिच्यावर. मी हाक मारली, सिंधु! आतून म्हनली, हाय. मी म्हनलं, ऱ्हा तशीच. दगड काढून राहिले मी हातानं. निघंना. थोड्या येळानं परत, सिंधु! हाय. उजाडलं. माणूस न्हाई कुठं, ज्येच्या त्येच्या घरी त्योच कारभार. मी हाक मारावी, तिनं हाय म्हनावं. लई बारीक झाला व्हता आवाज. उन्हं वर आली. कोनीतरी तांब्या धरला माझ्या तोंडापुढं, दम खा म्हनलं, पानी पी. मी पिले. दोन घोट. मंग हाक मारली तर...’

लाटणं थांबलं होतं. पुन्हा चालू झालं.

‘आधी ती थांबली का मी थांबले, त्ये मला ठाव न्हाई माय. म्हून हाक पडाया पायजे. दर आयतवारी एकदा. बास.’

कढईवरच्या वाफेत त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

३१ मार्च, बुधवार

आता तर मला त्यांची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठीही वाटत नाही. मला फक्त १८ तारखेची भीती वाटते. केवढी हलकी आहे मी! एवढं ऐकलं आणि तरी डोक्यात एकच, अधिकारी विचारेल, ‘सिंधु कोण?’ आणि सगळे माझ्याकडे बघतील. पेपरात येईल. ‘मृत महिलेच्या नावे अनुदान.’ खाली माझं नाव. मग गल्लीत बोलायला लोकांना काय लागतं? नाव वाचलं की झालं.

२ एप्रिल, शुक्रवार

अब्बांना सांगितलं. सगळं.

ते नोट्सच्या गठ्ठ्याला सुई घालत होते. दोरा ओढून दाताने तोडला. ‘नकल करना दादाजान सिखाए तुझे. डरना किसने सिखाया गे?’

मी रडायला लागले.

‘अरे! रोती कायकू? सुन. दिल में खटकता सो बोल दे. जाके बोल दे उनको. मगर पहले उस बाई से पूछ. नाम उसके घर का है, तेरा नहीं.’

‘हौ,’ म्हटलं.

४ एप्रिल, रविवार

विचारणार होते. वही मिटली, त्यांच्या जवळ गेले. त्या रिकाम्या बाजूचं पीठ हाताने सारून नीट करत होत्या. जणू तिथे कोणी बसणार आहे. मी म्हटलं, ‘मावशी, उन्हं वाढली.’ त्या म्हणाल्या, ‘हाव.’

त्या नको म्हणाल्या असत्या तर? मग मी काय केलं असतं? म्हणून विचारलंच नाही. विचारलं नाही की नको म्हणता येत नाही.

७ एप्रिल, बुधवार

नांदेडला जाऊन आले. एकटी! पहाटेची एस.टी., परत संध्याकाळी. ताईंना सांगितलं नाही. अब्बांना सांगितलं, त्यांनी विचारलं, ‘पूछी?’ मी चप्पल घालत होते. ऐकू आलं नाही असं केलं.

मांडीवर पिशवी, पिशवीत झेरॉक्स, पावती, माझी दहावी-बारावीची प्रमाणपत्रं. प्रमाणपत्रं कशाला घेतली होती, कोण जाणे. पकडलं तर दाखवायला?

ऑफिस एका जिन्याच्या वर आहे. विरूपाक्ष साहेब तरुण निघाले. टेबलावर फॉर्मचे ढीग, बाजूला सोललेली संत्री. मी उभ्यानेच सगळं बोलले. बसा म्हणाले तेव्हा बोलून झालं होतं.

ते हसले. वाईट नाही. ‘एवढंच? ताई, लोक यादीत अख्खं गाव घुसडतात. आपणहून नाव कमी करायला आलेल्या तुम्ही पहिल्या.’

मला वाटलं मी खुर्चीत वितळतेय.

‘पण चौदा चालणार नाहीत. अट पंधराची आहे. पंधरावं कोणी आहे का? तुम्ही गाता?’

‘मी नाही. म्हणजे, दादी चक्कीवर म्हणायची ते येतं.’

‘मग येतं की! म्हणा बरं.’

तिथे, ऑफिसात! दार उघडं होतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हटलं:

चक्की फिरे फजर से, दाना दाना बोले
अम्माँ की चूड़ियाँ झुनझुन, आटा हौले हौले

चहावाला दारात थांबला होता. साहेब म्हणाले, ‘झालं तर! हे तर आमच्याकडे एकाही मंडळाने दिलेलं नाही.’ मूळ फॉर्म काढला. ‘नऊ नंबरवर एक रेघ मारा. वर तुमचं नाव लिहा. शेजारी छोटी सही. मी शिक्का देतो.’

स्केल मागून घेतली. रेघ मारली. अगदी सरळ आली.

परतीच्या गाडीत डबा खाल्ला. सगळा. मग लातूर येईपर्यंत झोपले. कंडक्टरने उठवलं.

८ एप्रिल, गुरुवार

ताई रागावल्या. मग म्हणाल्या, ‘झालं ते झालं. खरं तर बरंच झालं.’ मग, ‘उमाबाईला तू सांग. मी नाही सांगणार.’

११ एप्रिल, रविवार

हजेरी घेतलीच नाही आज. डोकं दुखतंय म्हटलं. बायका म्हणाल्या, ‘एक आयतवार न्हाई घेतली तर काय व्हतंय, सरकार पगार कापतंय व्हय?’ हसल्या. मावशी हसल्या नाहीत. जात्याशी बसल्या, मूठभर जोंधळ्याची वैरण घातली, पण ओढलं नाही. वाट बघत राहिल्या. मग आपोआप ओढायला लागल्या.

खानावळीत त्यांच्या मागोमाग गेले. परात पुढे घेतली होती. सांगून टाकलं. नांदेड, रेघ, माझं नाव.

त्या पीठ मळत राहिल्या.

‘बरं केलंस माय,’ म्हणाल्या. ‘खोली ऱ्हाईल.’

‘मावशी, तुम्हाला विचारायला हवं होतं मी.’

‘तुला भ्या वाटलं. भ्या वाटल्यावर माणूस काय बी करतंय. मी न्हाई का पानी पिले?’

निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘रेघ कशी मारलीस? आडवी?’

‘हो. आडवी.’

‘गिचमिड न्हाई ना केलं वरून?’

‘नाही मावशी. एकच रेघ.’

‘मंग वाचाया येतंय अजून.’

‘येतं.’

‘हाव. ऱ्हाऊ दे मंग.’

१८ एप्रिल, रविवार

झालं! झालं!! सगळं नीट झालं.

सकाळी साहेब आले, एक कॅमेरेवाला बरोबर. बायकांनी लुगडी नवी नेसली होती. बायकांना आधी चहा हवा होता, मग जाती हवी होती, मग पुन्हा चहा. एक बाई कॅमेऱ्याला म्हणाली, ‘माझं टक्कल नको काढू बाबा, पदर घेऊ दे.’ चन्नबसप्पाही आले, भिंतीला टेकून उभे.

नावं साहेबांनी वाचली. मी नऊ नंबरला उभी राहिले. ‘बुशरा नासिर.’ ‘हजर.’ माझा आवाज मला ओळखू आला नाही. मग दहा. ‘उमाबाई.’ मावशींनी हात वर केला. साहेबांनी टिंब केलं. कोणीही कोणाकडे बघितलं नाही. पंधरा झाले.

जोडीण म्हणून मला मावशींच्या समोर बसावं लागलं. त्या रिकाम्या बाजूला. खुंट्यावर माझा हात, वर त्यांचा. तळवा खरखरीत, गरम. ओढायला लागले तर दगड कसला हलका! इतकी वर्षं त्या एकट्याने ओढत होत्या.

माझं चक्कीचं गाणं झालं, दोन ओळी, घाईत. मग त्या गायल्या. असं गाणं मी त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं. बाकीची जाती हळूहळू थांबली. कॅमेरेवाल्याने कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला, मग आठवून पुन्हा वर केला. मी उजव्या हाताने ओढत होते म्हणून लिहिता आलं नाही, घरी येऊन उतरवलं. शब्द एक इकडचा तिकडे नाही:

पहिली माझी ओवी, जोत्याच्या दगडाला
घर ऱ्हायलं न्हाई, जागा ऱ्हायली बसायाला

आणि सगळ्यात शेवटची:

जोडीणीचा हात, खुंट्यावर थंड झाला
माझ्या हाकेचा गं दोरा, सुईतून सुटून गेला

साहेब जाताना ताईंना म्हणाले, ‘काळजी करू नका.’ चन्नबसप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘खाटांचं बघू मी दुसरीकडं.’

बायका हसत, पीठ वाटून घेत बाहेर पडल्या. मावशींनी जातं पुसलं, वरचा दगड उचलून बाजूला ठेवला. तसं त्या कधी करत नाहीत. मी म्हटलं, ‘मावशी, काय सुंदर गायलात!’ माझ्या गालावरचं पीठ त्यांनी अंगठ्याने पुसलं.

१९ एप्रिल, सोमवार

काल कडी एकदाच पाहिली.

१४ मे, शुक्रवार

मंजूर!!! तीन वर्षं. पत्र अब्बांनी मोठ्याने वाचलं, मग अम्मीला पुन्हा वाचून दाखवलं. तिला मराठी येतं, तरी. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते मला दिसू दिलं नाही. चन्नबसप्पांना पेढे दिले. ‘पास झालीस!’ म्हणाले.

पाहणीनंतर मावशी येत नव्हत्या. खानावळीत परीक्षांची गर्दी होती, तीन रविवार सुट्टी नव्हती. हजेरी तेव्हापासून घेतलीच नाही, जुनी वहीही संपली होती. आज निरोप पाठवला. येते म्हणाल्या.

अब्बांनी नवी वही शिवली. लाल कापडी पुठ्ठा, दोनशे पानं. पहिल्या पानावर मी नावं घातली. पंधरा. भीती वाटली नाही. केवढ्या वर्षांनी!

१६ मे, रविवार

नवी वही. नऊ नंबर मीच वाचला, मीच ‘हजर’ म्हटलं. बायका हसल्या.

दहा. ‘उमाबाई.’

त्या समोरच बसल्या होत्या. आपल्या बाजूला, हात खुंट्यावर, डोळे माझ्याकडे. बोलल्या नाहीत. पुन्हा हाक मारली. पुन्हा. कोणीतरी म्हणालं, ‘अगं कर की टिंब, दिसून राहिली की म्होरं.’ ताईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला.

मावशींचे ते दोन घोट आठवले. मी घेतला नाही.

‘उमाबाई.’